फळ म्हणजे नेमके काय? सावनेरच्या संत्र्यापासून शीरखुर्म्याच्या वाटीपर्यंत

इफ्तारचा दस्तरखान डोळ्यांसमोर आणा. खजूर आहे, केळी आहेत, टरबुजाच्या फोडी आहेत. रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला असेल आणि घर नागपूर जिल्ह्यातले असेल, तर मृग बहाराची संत्रीही असतात. रंग वेगळे, साली वेगळ्या, सोलायची रीत वेगळी. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ही चारही फळे एकाच घराण्यातली आहेत. या घराण्याला मराठीत 'मृदुफळ' आणि इंग्रजीत 'बेरी' म्हणतात. गंमत अशी, की ज्याचे नाव बेरीसारखे ऐकू येते ते आपले बोर या घराण्यात बसत नाही. नावातच बेरी असलेली स्ट्रॉबेरीही बसत नाही.

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा धडा येतो. पाठ करून, परीक्षेत लिहून मुले तो विसरतातही. पण सावनेर, काटोल, कळमेश्वर, नरखेड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचे वर्ष एका फळावर किंवा एका बोंडावर अवलंबून असते. संत्रा बागेतच का गळतो? गाडीतून जाताना का दबतो? हिरवा तोडलेला संत्रा घरात ठेवून गोड का होत नाही? या सगळ्यांची उत्तरे फळाच्या रचनेत आहेत. म्हणून हा धडा मोठ्यांनीही एकदा वाचायला हरकत नाही.

फूल गळते, फळ राहते

फुलाच्या मधोमध, अगदी तळाशी, एक छोटी पिशवी असते. तिला अंडाशय म्हणतात. तिच्या आत बीजांडे असतात. पराग येऊन फलन झाले की पाकळ्या गळतात आणि अंडाशय वाढू लागतो. बीजांडांच्या बिया होतात आणि अंडाशयाची भिंत म्हणजे फळाचा बाकीचा भाग. थोडक्यात, पिकलेला अंडाशय म्हणजे फळ.

ही व्याख्या लावली की स्वयंपाकघरातली वाटणी कोलमडते. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, दोडका, काकडी ही सगळी फळे ठरतात. तुरीची शेंग हे फळ. गव्हाचा दाणासुद्धा फळच, कारण त्यात फळाची भिंत आणि बियाचे साल एकमेकांना इतके चिकटलेले असते की ते वेगळे करता येत नाही. दळल्यावर जो कोंडा निघतो त्यात ही चिकटलेली सालेच मुख्यत्वे असतात. उलट मोहाचे जे रसाळ फूल लोक वेचतात ते फूलच, त्याचे फळ नंतर धरते.

हा वाद एकदा कोर्टातही गेला आहे. अमेरिकेत 1883 च्या कायद्याने आयात भाज्यांवर कर होता, फळांवर नव्हता. टोमॅटोच्या एका व्यापाऱ्याने, माझा माल फळ आहे, मग कर कसला, असा दावा केला. 1893 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शास्त्रानुसार टोमॅटो फळ असेल, पण लोक त्याला जेवणात भाजी म्हणूनच वापरतात, म्हणून कर भरावा लागेल. शास्त्राची भाषा आणि बाजाराची भाषा दोन्ही आपापल्या जागी खऱ्या, हे त्या निकालाने दाखवून दिले.

संत्रा सोलून बघू या

फळाच्या भिंतीचे तीन थर असतात: बाहेरचा, मधला आणि आतला. हे थर ओळखायला संत्र्यासारखे सोपे फळ नाही.

बाहेरचा थर म्हणजे नारिंगी साल. तिच्यावर बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या आहेत. साल दाबली की डोळ्यांत चुरचुरणारा जो फवारा उडतो तो याच तेलाचा. हे तेल लगेच पेट घेते. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ साल दुमडून दाबली तर ठिणग्या उडतात. हा प्रयोग मुलांना दाखवायचा तर मोठ्यांनी स्वतः करावा आणि डोळे सांभाळावेत.

मधला थर म्हणजे सालीच्या आतला पांढरा, कापसासारखा भाग. फोडींवर जे पांढरे धागे राहतात ते फळाला पाणी आणि अन्न पुरवणाऱ्या नळ्यांचे. मोसंबीत हा पांढरा थर जाड आणि घट्ट असतो. नागपुरी संत्र्यात तो विरळ असतो, आणि फळ पिकत जाते तसतशी त्यात पोकळी वाढते. म्हणूनच आपला संत्रा नखाने सोलता येतो. दात नसलेल्या दादीला आणि चार वर्षांच्या नातीला तो सारखाच सोयीचा पडतो. पण हीच सैल साल वाहतुकीत घात करते. आतून आधार नसलेली साल क्रेटमध्ये दबते, फाटते आणि तिथून बुरशी शिरते.

आतला थर म्हणजे प्रत्येक फोडीवरचे पातळ पापुद्र्याचे आवरण. संत्र्यात साधारण दहा ते बारा फोडी असतात, आणि प्रत्येक फोड म्हणजे फुलातल्या अंडाशयाचा एक कप्पा. फूल असतानाच हे कप्पे ठरलेले असतात.

मग आपण खातो ते काय? फोड उघडून बघितली तर रसाने भरलेल्या लांबट थेंबांसारख्या पिशव्या दिसतात. या पिशव्या म्हणजे आतल्या थरावर उगवलेले केस आहेत. कप्प्याच्या भिंतीतून ते आत वाढतात, फुगतात आणि रसाने भरतात. लिंबू, मोसंबी, संत्रा या सगळ्यांत आपण हे रसाळ केसच खातो. म्हणून शास्त्रज्ञांनी मृदुफळांमध्ये लिंबूवर्गीय फळांचा वेगळा गट केला आहे.

दोन पिके, दोन्ही केसांची

सावनेरकडच्या शेतात संत्र्याशेजारी कापूस दिसतो. कापसाचे बोंड हेही फळच, पण सुके फळ. पिकल्यावर ते वाळते आणि ठरलेल्या रेषांवर तीन ते पाच कप्प्यांत उकलते. अशा फळांना शास्त्रातही 'बोंड' हाच शब्द आहे. शेतकऱ्याचा शब्द शास्त्राने जसाच्या तसा घेतला आहे.

बोंडातला पांढरा कापूस म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेले केस. प्रत्येक धागा ही एकच, ताणून लांब झालेली पेशी असते. रानटी कापसात या केसांचा उपयोग बी वाऱ्यावर दूर जायला होत असे. माणसाने त्याचे सूत काढले.

म्हणजे या भागातली दोन नगदी पिके मुळात केसांचीच आहेत. संत्र्याचे केस फळाच्या भिंतीच्या आतून उगवतात आणि रस साठवतात. कापसाचे केस बियांवर उगवतात आणि वाळून धागा होतात. हा फरक लक्षात घेतला की गुलाबी बोंडअळीचे नुकसान इतके मोठे का होते तेही कळते. अळी बोंडात शिरून सरकी खाते. धागा सरकीच्या सालीवरच वाढत असल्याने सरकी खराब झाली की धागा आखूड राहतो, डाग पडतो, बोंड नीट उकलत नाही. बाहेरून धड दिसणारे बोंड आतून वाया गेलेले असते.

तुरीची शेंग हेही उकलणारे सुके फळ आहे, पण ती दोन्ही कडांनी उघडते. भुईमुगाचे फूल जमिनीच्या वर येते. मग आऱ्या मातीत शिरतात आणि शेंग मातीत धरते. म्हणून भुईमूग हे मुळाशी दिसत असले तरी मूळ नव्हे, फळ आहे.

आठळी कोणाची, बी कोणाचे?

आता बोर आणि खजूर शेजारी ठेवा. दोघांतही मधोमध काहीतरी कठीण लागते. दिसायला सारखे, पण दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

बोराची आठळी फोडली तर आत एक-दोन मऊ बिया मिळतात. म्हणजे आठळीचे टणक कवच हा फळाच्या भिंतीचा आतला थर आहे, बी त्याच्या आत सुरक्षित आहे. अशा फळाला आठळीचे फळ म्हणतात. आंबा, बदाम, चारोळी या सगळ्यांचा कारभार असाच. आंब्याची कोय फोडली की आतून बी निघते. नारळही याच गटातला: काथ्या हा मधला थर, करवंटी हा आतला थर, आणि खोबरे व पाणी हे बियांत साठवलेले अन्न.

खजुराचे तसे नाही. त्याचा कठीण दगड फोडला तर आत पोकळी नाही, मऊ गर नाही, कारण तो दगड म्हणजेच बी. फळाचा आतला थर त्या बियाभोवती पातळ पापुद्र्यासारखा असतो. खजूर खाताना तो पापुद्रा बियाला चिकटून येतो, तेव्हा मुलांना जरूर दाखवा. म्हणून खजूर एका बियाचे मृदुफळ ठरतो. खजुराच्या मादी फुलात तीन अंडाशय असतात, त्यांतला एकच सहसा वाढतो, बाकीचे दोन गळतात. नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने नराचा पराग मादी फुलांवर हाताने टाकण्याची रीत अरबस्तान आणि इराकमध्ये फार प्राचीन काळापासून आहे. फळ धरायला पराग लागतो हे खजुराच्या बागवानांना विज्ञानाची पुस्तके लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

आता ईदच्या सकाळची शीरखुर्म्याची वाटी घ्या. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. या एका वाटीत फळांचे बहुतेक सगळे प्रकार येऊन बसतात. खारीक हा मृदुफळाचा वाळलेला गर. बेदाणा हे अख्खे मृदुफळ, तेही बिनबियांचे. बदाम, पिस्ता, चारोळी ही आठळीच्या फळांची बिया. खोबरे हे बियांतले साठवलेले अन्न. वेलची हे बोंड, त्याचे दाणे आपण कुटून घालतो. शेवया गव्हाच्या, म्हणजे दाण्याच्या फळाच्या. केशर तेवढे फळ नाही, ते फुलाच्या कुक्षीचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाचे तंतू आहेत. अम्मी वाटी पुढे करतात तेव्हा मुलांना एकेक जिन्नस ओळखायला सांगा. धडा कायमचा लक्षात राहील.

एक फूल की अनेक फुले?

आतापर्यंतची फळे एका फुलातल्या एका अंडाशयाची होती. सीताफळाचे गणित निराळे. त्याच्या एका फुलात पुष्कळ सुटे अंडाशय असतात, ते सगळे पिकून एकमेकांना चिकटतात. सीताफळावरचा प्रत्येक डोळा हा एकेका अंडाशयाचा. म्हणून त्याला घोसफळ म्हणतात.

फणस, अननस आणि अंजीर त्याच्याही पुढे गेले आहेत. इथे अनेक फुलांचा अख्खा गुच्छ मिळून एक फळ होतो. फणसाचा एकेक गरा हा एकेका फुलाचा. अंजिरात तर फुले आतच लपलेली असतात. बाहेरून दिसते ते फुलांचे दांडे आतल्या बाजूला वळून झालेली पिशवी आहे, आणि आत चघळताना जे बारीक दाणे कुरकुरतात तीच खरी लहान-लहान फळे.

काही फळांत खाण्याचा भाग अंडाशयाचा नसतोच. सफरचंदात गराचा मोठा भाग फुलाच्या तळाच्या पेल्याचा आहे, खरे फळ म्हणजे मधले बियांचे घर. स्ट्रॉबेरीत बाहेर चिकटलेले दाणे ही खरी फळे, लाल गर हा फुलाचा तळ. काजूचा रसाळ बोंडू म्हणजे फुगलेला देठ, आणि खाली लटकलेला काजू हे खरे फळ. विदर्भाच्या जंगलातला बिब्बा काजूचाच नातलग. त्याचा नारिंगी भाग वाळवून खातात, आतल्या बियांना गोडंबी म्हणतात, पण काळ्या कवचातले तेल अंगावर लागले तर फोड येतात. काजूच्या कच्च्या कवचातले तेलही असेच भाजते. आंब्याच्या देठाचा चीक ओठावर लागला की जळजळते, कारण आंबाही याच कुळातला. हे नाते कळले की मुलांना काय हाताळू द्यायचे नाही हेही कळते.

हा हिशेब कोणी मांडला?

नवव्या शतकात अबू हनीफा अद-दीनवरी यांनी 'किताब अन्-नबात' हा वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ लिहिला. झाडाची वाढ, फूल आणि फळ यांच्या अवस्थांची वर्णने त्यात आहेत. ग्रंथाचा काही भागच आज उपलब्ध आहे. तेराव्या शतकात स्पेनच्या मालागा शहरात जन्मलेले इब्न अल्-बैतार यांनी सुमारे 1400 वनस्पती, अन्नपदार्थ आणि औषधे यांची नोंद केली. 1248 साली दमास्कसमध्ये त्यांचे निधन झाले. फळे कापून, आतली रचना पाहून त्यांची पद्धतशीर विभागणी करण्याचे श्रेय मात्र जर्मनीचे योझेफ गेर्टनर यांना जाते. 1788 पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात फळे आणि बिया यांची बारकाईने चित्रे आहेत. आजची पुस्तके त्याच वाटेने चालतात.

गळलेल्या फळाकडे बघा

संत्र्याची झाडे लाखो फुले देतात. शंभर फुलांमागे काढणीपर्यंत टिकणारी फळे जेमतेम चार-पाच, कधी त्याहूनही कमी. हे सुरुवातीचे गळणे नैसर्गिक आहे, झाड जेवढे पोसू शकते तेवढेच ठेवते. शेतकऱ्याला जी गळ रडवते ती आंब्या बहाराची, पावसाळ्यात, फळ मोठे झाल्यावरची. वर्षभराची मेहनत झाडाखाली पडलेली बघावी लागते.

देठ जिथे फळाला मिळतो तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. फळ निरोगी असते तोवर त्यातून येणारी संप्रेरके हा थर जोडून ठेवतात. पाण्याचा ताण, मुळाशी साचलेले पाणी, अन्नद्रव्यांची कमतरता, कीड किंवा बुरशी यांमुळे हा समतोल बिघडला की पेशी एकमेकींपासून सुटतात आणि फळ पडते. म्हणजे गळ हा एकच रोग नाही. त्यामुळे एकच फवारणी सगळ्यांवर चालत नाही.

पडलेले फळ उचलून नीट बघावे. सालीवर टाचणीएवढे भोक आणि भोवती मऊ तपकिरी डाग असेल तर रात्री येऊन रस शोषणाऱ्या पतंगाची शंका घ्यावी. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीसारख्या वेलींवर वाढतात, म्हणून बागेभोवतीच्या अशा वेलींकडे लक्ष द्यावे लागते. फळ चिरल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी. ती सालीखाली अंडी घालते. पडलेली फळे वेचून खोल पुरली तर पुढची पिढी कमी होते, शिवाय माशीसाठी सापळे मिळतात. देठाच्या बाजूने काळपट कूज सुरू झाली असेल तर बुरशी. आणि फळ आत-बाहेर धड असूनही गळत असेल तर जमीन, पाणी आणि खत यांचा हिशेब तपासावा. शंका राहिली तर चार पडलेली फळे घेऊन कृषी अधिकाऱ्यांकडे जावे. नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, 1985 सालापासून या फळांवर तिथे काम चालू आहे. 2014 साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाने नाव होते, बाग मात्र निरीक्षणानेच टिकते.

तोडणीतही रचना लक्षात ठेवावी. फळ ओढून तोडले तर देठाजवळची सैल साल फाटते आणि त्या छिद्रातून कूज लागते. छोट्या कात्रीने देठ फळालगत कापला तर फळ जास्त दिवस टिकते.

घरी काय लक्षात ठेवावे?

आंबा, केळी, पपई, चिकू, सीताफळ ही फळे तोडल्यावरही पिकतात. संत्रा, मोसंबी, द्राक्ष, डाळिंब तोडल्यावर पिकत नाहीत. संत्र्याची साल नंतर पिवळी होईल किंवा केली जाईल, आतली गोडी मात्र झाडावर होती तेवढीच राहते. म्हणून घाईने तोडलेला आंबट संत्रा तांदळात ठेवून गोड होणार नाही. उलट, उष्ण हवेत साल थोडी हिरवी असूनही फळ आतून पिकलेले असू शकते. रंग बघून नव्हे, एखादे फळ सोलून चाखून घ्यावे.

कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यावर आपल्या देशात बंदी आहे. घरी आंबे पिकवायचे तर पेंढ्यात किंवा कागदात ठेवावे.

सीताफळाच्या बिया फोडू नयेत. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते. उवा मारायला मुलींच्या केसांत ती पूड लावण्याची जुनी सवय सोडून द्यावी. लहान मुलांना बोर आठळी काढून द्यावे आणि द्राक्षे उभी चिरून द्यावीत, अख्खे फळ घशात अडकू शकते.

आणि एखाद्या दुपारी मुलांना घेऊन बसा. संत्रा आडवा कापा, टोमॅटो आडवा कापा, भेंडी आडवी कापा आणि प्रत्येकातले कप्पे मोजायला सांगा. केळ्यातले काळे ठिपके दाखवा, त्या बिया होऊ न शकलेल्या बीजांडांच्या खुणा आहेत. डाळिंबाचा दाणा पिळून दाखवा, त्याचा रस बियाच्या सालीतला आहे. मग त्यांना विचारा, आज आपण कोणत्या फळाचा कोणता भाग खाल्ला? उत्तर देताना मुले पुस्तकातला धडा स्वतःच्या शब्दांत सांगू लागतील.